नवीन डॅक घेऊ का? घरच्या म्युझिक सिस्टिममधले डिजिटल भाग कधी बदलावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बारा वर्षांपूर्वी घेतलेला डॅक (डिजिटल आकड्यांचं आवाजाच्या विद्युत लहरीत रूपांतर करणारं यंत्र), तेवढाच जुना नेटवर्क स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी आणून देणारं यंत्र), एक सीडी प्लेअर, इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आणि स्टँडवर ठेवलेले बुकशेल्फ स्पीकर अशी तुमची सिस्टिम आहे. खालचा आवाज घुमतो, गाणाऱ्याचे शब्द सुटे ऐकू येत नाहीत आणि स्ट्रीमरचं अ‍ॅप अधूनमधून अडकतं. एवढ्या वर्षांत डिजिटल तंत्र बरंच पुढे गेलं असणार, तेव्हा डॅक आणि स्ट्रीमर दोन्ही बदलावेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत आधी सांगतो. या तक्रारींसाठी डॅक बदलू नका. स्ट्रीमर बदलायला हरकत नाही, पण तो आवाजासाठी नव्हे, चालत नाही म्हणून. आणि घुमणाऱ्या आवाजावर इलाज करणारी एक डिजिटल सोय खरोखर आहे, ती नवीन स्ट्रीमर निवडताना पदरात पाडून घेता येईल. असं का म्हणतो ते आता सविस्तर लिहितो, कारण नुसतं ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ याचा तुम्हाला पुढच्या वेळी काही उपयोग नाही.

लोकांच्या घरी सिस्टिम लावून देणं आणि मोजणं हे माझं काम आहे. कुठलाही भाग बदलण्याआधी मी एवढंच विचारतो की कानाला नेमकं काय खटकतंय, आणि तो दोष साखळीतल्या कोणत्या टप्प्यावर तयार होऊ शकतो? ‘आवाज मोकळा वाटत नाही’ या तक्रारीतून काहीच हाती लागत नाही. ‘ठरावीक दोन-तीन सुरांवरच बेस फुगतो’ यातून मात्र बरंच कळतं. डॅक काही सुरांना झुकतं माप देत नाही. खोली देते.

डॅकचं काम काय आहे ते पाहू. सीडी १९८२ साली बाजारात आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने) हे माप घेऊन. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो. माणसाचा तरुण, निरोगी कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर सुमारे ९८ डेसिबल मिळतं. त्या काळी हे आकडे प्रत्यक्षात उतरवणं अवघड होतं. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटची चिप होती, आणि चारपट ओव्हरसॅम्पलिंग (नमुन्यांच्या मध्ये जास्तीचे बिंदू भरणं) व नॉइज शेपिंग (खरखर ऐकू न येणाऱ्या पट्टीत ढकलणं) करून तिच्याकडून १६ बिटच्या तोडीचं काम करून घेतलेलं होतं. तेव्हा एका पिढीच्या डॅकमधून पुढच्या पिढीच्या डॅकमध्ये जाण्याला अर्थ होता.

आता तसं राहिलेलं नाही. बारा वर्षांपूर्वीचा नीट बनवलेला डॅक २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत एक-दोन दशांश डेसिबलच्या आत सपाट असतो. त्याचं डिस्टॉर्शन (मूळ आवाजात होणारी भेसळ) ०.००१ टक्क्याच्या आसपास असतं. नवीन डॅक त्याहून चांगला असेल, आणि तसं मोजमापात दिसेलही. पण तुमचे स्पीकर थोडा मोठा आवाज केला की खालच्या सुरांत एक-दोन टक्के डिस्टॉर्शन सहज करतात, म्हणजे डॅकच्या हजारपटीहून जास्त. आणि खोली? साध्या बैठकीच्या खोलीत, बसण्याच्या जागेवर माइक ठेवून मोजलं तर बेसमध्ये १० ते १५ डेसिबलचे उंचवटे आणि खड्डे निघणं ही रोजची गोष्ट आहे. २४ बिटचंही तसंच. कागदावर त्यात १४४ डेसिबल बसतात, पण सर्किटमधल्या रेझिस्टरच्या स्वतःच्या उष्णतेमुळे होणारी खरखर आड येते आणि आजचे उत्तमातले उत्तम डॅकही २०-२१ बिटांच्या पुढे खऱ्या अर्थाने जात नाहीत. जिथे घराची स्वतःची शांतता ३० डेसिबलच्या आसपास असते, तिथे ही शेवटची बिटं ऐकायला जागाच उरत नाही.

मग लोकांना नवीन डॅक लावताच फरक का जाणवतो? तो जाणवतो हे खरं आहे, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आवाजाची पातळी. सीडी प्लेअर आणि डॅकच्या साध्या आरसीए आउटपुटला २ व्होल्ट हा रूढ आकडा आहे, पण प्रत्यक्षात कुणी २.१ देतो, कुणी २.५. बॅलन्स्ड आउटपुटला साधारण ४ व्होल्ट असतात. २ ऐवजी २.५ व्होल्ट म्हणजे जवळपास २ डेसिबल जास्त. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही. तो जास्त भरीव, जास्त उघडा, जास्त तपशीलवार असा कळतो. आपला कान कमी पातळीला खालचे आणि वरचे सूर कमी पकडतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे दाखवणारे आलेख मांडले. पातळी जरा वाढली की दोन्ही टोकं उचलल्यासारखी वाटतात.

एका घरी हे अगदी समोर घडलेलं सांगतो. नवीन डॅक आला होता, मालक खूश होते, तंबोरा आता खोलीभर पसरतो असं म्हणत होते. आम्ही २०० हर्ट्झचा टोन वाजवला, आवाज बेताचा ठेवला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला. जुन्या डॅकवर १.०० व्होल्ट, नव्यावर १.१९. म्हणजे दीड डेसिबलचा फरक, आणि व्हॉल्यूमच्या नॉबला कुणी हातही लावलेला नव्हता. नवा डॅक तेवढा खाली आणून दोन्ही १.०० वर बसवले आणि त्यांच्या मुलीला अ‍ॅम्पचे इनपुट बदलायला सांगितलं. कोणता चालू आहे ते आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. तंबोरा दोन्हींतून सारखाच पसरत होता, आणि थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं की ओळखता येत नाही. तरीही नवा डॅक त्यांनी ठेवला, कारण त्याला रिमोट होता आणि टीव्हीसाठी जास्तीचं इनपुट होतं. ते कारण मला पूर्ण मान्य आहे. वापराच्या सोयीसाठी केलेला खर्च वाया जात नाही.

ही चाचणी तुम्हीही घरी करा, नवीन डॅक परत करता येईल अशा बोलीवर आणला असेल तर नक्कीच करा. मीटर महागडा लागत नाही. तो थोडा चुकीचा दाखवत असला तरी दोन्ही वेळा सारखाच चुकतो. दोन आकड्यांत एक टक्क्याहून कमी फरक राहिला की तुम्ही ०.१ डेसिबलच्या आत आलात. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, नाहीतर अ‍ॅम्पचं आउटपुट शॉर्ट होईल. दोन्ही डॅकना एकच गाणं एकाच वेळी मिळेल अशी जोडणी करा आणि अदलाबदल काही सेकंदांत होऊ द्या, कारण आवाजातल्या बारीक फरकाची आठवण फार टिकत नाही. जुना काढून, तारा बदलून, दहा मिनिटांनी नवा ऐकला तर ती तुलना नव्हे. १६ वेळा ऐकून १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलंत तर फरक खरा आहे असं धरा. नुसत्या अंदाजाने एवढे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. फाइलींची तुलना करायची असेल तर फूबार२००० या मोफत प्लेअरला एबीएक्सची (न पाहता तुलना करण्याच्या चाचणीची) जोड मिळते, तो हे सगळं मोजून देतो.

‘सगळे डॅक सारखेच वाजतात’ असं मात्र मी म्हणत नाही, कारण ते खरं नाही. काही डॅक मुद्दाम वेगळे बनवलेले असतात. ओव्हरसॅम्पलिंग न करणारा, ज्याला एनओएस म्हणतात तो डॅक ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबल खाली येतो. तरुण कानाला तो वरून थोडा मऊ लागेल. आउटपुटला व्हॉल्व्ह असेल तर थोडं डिस्टॉर्शन मिसळलेलं असतं आणि काहींना ते आवडतं. अशा डॅकचा आवाज वेगळा असतो याबद्दल वाद नाही. पण तो स्वाद आहे, आणि एखाद्या ठरावीक रेकॉर्डिंगला जमलेला स्वाद दुसऱ्याला जमेलच असं नाही. मला स्वतःला स्रोत शक्य तितका कोरा आणि आवाजाला हवं ते वळण इक्वलायझरने द्यावं हे पटतं, कारण इक्वलायझर बंद करता येतो.

दुसरा खरा फरक जरा दडलेला आहे. गेल्या दोन-तीन दशकांतली बरीच गाणी इतकी ठासून भरलेली असतात की डॅकच्या आतल्या फिल्टरने मधल्या बिंदूंचा आकार काढला की तो कमाल मर्यादेच्या वर जातो. त्यासाठी ज्या डॅकमध्ये जागा ठेवलेली नाही, तिथे शिखरं कापली जातात आणि झांजा, शिट्ट्या, ‘स’कार टोचायला लागतात. याला नवीन डॅक हाच उपाय नाही. स्ट्रीमरमध्येच व्हॉल्यूम ३ डेसिबल खाली आणा आणि तेवढा अ‍ॅम्पवर वाढवा. स्ट्रीमर २४ बिट पाठवत असेल तर यात १६ बिटच्या गाण्याचं काही बिघडत नाही. टोचणं थांबलं तर दोष सापडला आणि तो फुकटात गेला.

तिसरा फरक म्हणजे घरघर. कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला डॅक, कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या सॉकेटवर, आणि स्पीकरमधून सतत बारीक गुणगुण किंवा माउस हलवला की चिरचिर. हा ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांच्या अर्थिंगच्या तारांमधून फिरणारी नको ती वीज. अशा वेळी डॅक बदलून कधी फरक पडतो, कधी पडत नाही. पण प्रकाशाने आवाज नेणारी ऑप्टिकल केबल लावली की त्या जोडणीतून वीज जातच नाही, त्यामुळे तिथला लूप तुटतो. आधी ते करून बघा.

जिटरबद्दल दोनच ओळी. डिजिटल यंत्रातल्या घड्याळाच्या ठोक्यातली ही अनियमितता प्रत्यक्ष संगीतात ऐकू यायला निदान वीसेक नॅनोसेकंद लागतात असं चाचण्यांमधून दिसलं आहे, आणि नीट बनवलेले डॅक पिकोसेकंदांत असतात. शिवाय असिंक्रोनस यूएसबीमध्ये ठोका डॅक स्वतः देतो, कॉम्प्युटर फक्त माल पुरवतो. खास यूएसबी केबल, खास नेटवर्क स्विच यांवर खर्च करू नका.

हाय रिझोल्यूशनचा, म्हणजे सीडीहून जास्त बिट आणि किलोहर्ट्झ असलेल्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाहीत, पण नवीन डॅकचं ते मोठं आकर्षण असतं, म्हणून सांगतो. मेयर आणि मोरान या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय रिझोल्यूशन तबकड्यांचा आवाज थेट ऐकवला आणि तोच आवाज मध्ये १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून काढूनही ऐकवला. ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर ओळखलं गेलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. पुढे २०१६ मध्ये संशोधक राइस यांनी अशा १८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, आणि ज्यांना आधी सराव दिला होता त्यांची कामगिरी बरीच बरी होती. म्हणजे फरक असला तर फार बारीक, शिकून ऐकणाऱ्याला कधीमधी पकडता येणारा. एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रणाची हाय रिझोल्यूशन आवृत्ती तुम्हाला स्पष्टपणे सरस वाटत असेल तर बहुतेक वेळा तिचं मास्टरिंग (प्रकाशनाआधीचं आवाजाचं शेवटचं संस्करण) वेगळं झालेलं असतं. तीच आवृत्ती १६ बिटमध्ये उतरवून ऐका, सरसपणा तसाच राहतो. आणि तुमचा बारा वर्षांचा डॅक २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ बहुधा घेतोच. ते पुरेसं आहे.

आता स्ट्रीमर. इथे वयाचा मुद्दा खरा आहे, पण तो सॉफ्टवेअरच्या वयाचा. डॅकची चिप वीस वर्षं तेच काम तसंच करते. स्ट्रीमर मात्र दुसऱ्यांच्या सेवांवर जगतो: गाण्यांची सेवा आपला दरवाजा बदलते, फोनची प्रणाली बदलते, आणि बनवणाऱ्याने अपडेट देणं थांबवलं की चांगलं यंत्र अडगळीत जातं. गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ २०१९ च्या सुरुवातीला बंद केला. एमक्यूए हा फॉरमॅट २०१४ मध्ये आला, कितीतरी डॅकांच्या दर्शनी भागावर त्याचा दिवा लागला, काहींनी त्या दिव्यासाठी चालता डॅक बदलला. २०२३ मध्ये तो फॉरमॅट चालवणारी कंपनी दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि २०२४ मध्ये टायडल या गाण्यांच्या सेवेने एमक्यूए काढून टाकलं. एका कंपनीच्या मालकीच्या फॉरमॅटसाठी यंत्र घेऊ नये. फ्लॅक हा फाइलींचा फॉरमॅट खुला आहे, २००१ पासून आहे, आणि सगळीकडे चालतो.

यावरून माझा एक ठाम आग्रह आहे: लवकर म्हातारं होणारं आणि टिकणारं एकाच खोक्यात घेऊ नका. अ‍ॅम्प्लिफायर, डॅक आणि स्ट्रीमर एकत्र असलेली सुटसुटीत यंत्रं छान दिसतात, जागा वाचवतात, पण स्ट्रीमिंगचा भाग बंद पडला की चांगला अ‍ॅम्पही त्याच्याबरोबर जुना वाटायला लागतो. तुमच्याकडे हे तिन्ही वेगळे आहेत ही जमेची बाजू आहे. डिजिटल आउटपुट असलेला साधा, छोटा स्ट्रीमर घ्या, तो ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअलने आहे त्या डॅकला जोडा. त्याचा स्वतःचा डॅक कसा आहे याकडे पाहायचं कारण नाही, तो तुम्ही वापरणारच नाही. घेताना पाहायचं ते हे: तुमच्या सेवा त्यात मूळ रूपात चालतात का, अपडेट नियमित येतात का, दोन गाण्यांमध्ये खंड न पडता वाजतं का, आणि पॅरामेट्रिक इक्वलायझर (हव्या त्या सुराची पातळी हवी तेवढी कमी-जास्त करणारी सोय) आहे का.

ही शेवटची अट तुमच्या मूळ तक्रारीसाठी आहे. तिच्यावर जरा थांबू, कारण खरी सुधारणा इथे आहे.

समजा तुमची खोली ४ मीटर लांब आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली उभी लाट तयार होते ती ३४३ भागिले ८, म्हणजे साधारण ४३ हर्ट्झला, दुसरी तिच्या दुप्पट, ८६ ला, मग १२९. बुकशेल्फ स्पीकर ४३ ला फारसे पोचत नाहीत, पण ८६ ला पुरते जोरात असतात, आणि डग्ग्याचा घुमारा, बेस गिटार, पुरुषी आवाजाचा तळ हे सगळं याच पट्ट्यात आहे. या लाटांचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आणि बहुतेक घरांत तो तसाच असतो, तर तुम्ही अगदी फुगवट्यात बसलेले आहात. ठरावीक सूर आला की खोली त्याला धरून ठेवते, सूर थांबला तरी ती गुणगुणत राहते.

आणि शब्द सुटे का ऐकू येत नाहीत? खालचा जोरदार सूर त्याच्या वरच्या सुरांना झाकतो, हा कानाचा गुणधर्म आहे. तेव्हा तुमच्या दोन तक्रारी मला एकच वाटतात. भर म्हणून, उघड्या भिंतींवरून आणि फरशीवरून आवाज काही हजारांश सेकंदांत परत येतो आणि व्यंजनांची धार बोथट करतो.

म्हणून पहिलं काम खर्चाचं नाहीच. खुर्ची भिंतीपासून पुढे आणा, खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत, आणि गाणं चालू ठेवूनच सरकवत न्या. अर्ध्या मीटरमध्ये बेस केवढा बदलतो हे एकदा ऐकलंत की डॅकचा विषय आपोआप मागे पडेल. अगदी मधोमध बसू नका, तिथे ४३ चा सूर गायब होतो आणि ८६ चा परत फुगतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून सोडवा. मागे बेस पोर्ट (स्पीकरच्या पेटीला ठेवलेलं भोक) असेल तर त्यात फोम किंवा मोजे घालून पाहा. जमिनीवर स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड सतरंजी, बाजूच्या भिंतीवर पडदा किंवा पुस्तकांचं कपाट. पडदे आणि सतरंजी बेसला हात लावू शकत नाहीत, ते वरच्या पट्टीचं काम करतात, एवढं लक्षात ठेवा.

त्यानंतर जे उरेल ते मोजा. आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड, हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी माइक घ्या. मिनीडीएसपीचा यूमिक-१ लोक भरपूर वापरतात. माझ्या मते घरच्या ऑडिओत सर्वांत जास्त परतावा देणारी खरेदी हा माइक आहे, कारण तो पुढच्या प्रत्येक खरेदीआधी खरं काय ते सांगतो. माइक कानाच्या उंचीवर धरून बसण्याच्या जागेभोवती चार-पाच ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. आलेख पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक माणूस दचकतो, तुम्हीही दचकाल.

मग पॅरामेट्रिक इक्वलायझरने उंचवटे खाली आणा. ८६ हर्ट्झला ८ डेसिबलचा सुळका असेल तर तिथे तेवढ्याच उणे डेसिबलचा, क्यू (फिल्टर किती अरुंद आहे ते सांगणारा आकडा) साधारण ५ ठेवलेला एक फिल्टर. असे दोन-तीन फिल्टर पुष्कळ झाले. खड्डे भरायला जाऊ नका. खड्डा म्हणजे दोन लाटांनी एकमेकींना खोडलेलं असतं. तिथे कितीही जोर लावा, तोही खोडला जातो आणि अ‍ॅम्प व वूफर विनाकारण ताणले जातात. आणि ही सुधारणा खालच्या पट्टीपुरती ठेवा. ४० घनमीटरची खोली आणि आवाज विरायला ०.४ सेकंद असं धरलं तर खोलीच्या उभ्या लाटांचं राज्य साधारण २०० हर्ट्झपर्यंत चालतं. त्याच्या वर स्पीकरचा स्वतःचा स्वभाव ऐकू येतो आणि एका जागी मोजलेल्या आलेखावरून तिथे बारीक कोरीवकाम केलं की आवाज निर्जीव होतो. डिरॅक लाइव्ह किंवा ऑडिसी यांसारख्या आपोआप दुरुस्ती करणाऱ्या पद्धती असलेलं यंत्र घेतलंत तरी शक्य असेल तिथे दुरुस्तीची वरची मर्यादा स्वतः ठरवा.

हा इक्वलायझर डिजिटलमध्ये, डॅकच्या आधी बसतो. म्हणजे स्ट्रीमरमध्ये तो असला की अडकणारं अ‍ॅप आणि घुमणारा बेस हे दोन्ही एकाच खरेदीत सुटतात आणि डॅक, अ‍ॅम्प, स्पीकर जागचे हलत नाहीत.

एक अडचण राहते ती सीडी प्लेअरची. तो थेट डॅकला जोडलेला असेल तर त्याचा आवाज इक्वलायझरमधून जाणार नाही. डिजिटल इनपुट असलेला आणि ते इनपुट इक्वलायझरमधून नेणारा स्ट्रीमर मिळाला तर उत्तम; सीडी प्लेअरचं कोअ‍ॅक्सिअल किंवा ऑप्टिकल आउटपुट त्यात द्या, घेण्याआधी मात्र मॅन्युअलमध्ये खात्री करा. नाहीतर सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे त्यासाठी जुनं आणि भरवशाचं सॉफ्टवेअर आहे. अ‍ॅक्युरेटरिप या इतरांच्या प्रतींच्या नोंदींच्या साठ्याशी ताडून प्रत बिनचूक आली की नाही ते ट्रॅकगणिक दाखवतं. फ्लॅकमध्ये ठेवा. लेझर थकलेला, तबकडी ओळखायला वेळ लावणारा प्लेअर असेल तर हे काम आत्ताच करून टाका, तो आणखी थकण्याआधी.

पुढे कधी एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि अनेक स्पीकर एकत्र चालवणारं यंत्र) घेण्याचा विचार आला तर एक सूचना. बहुतेक रिसीव्हर अ‍ॅनालॉग इनपुटवर आलेला आवाज पुन्हा डिजिटल करतात, त्यावर आपली प्रक्रिया करतात आणि मग स्वतःच्या डॅकमधून काढतात. डायरेक्ट मोड लावला नाही तर त्याला जोडलेला चांगला डॅक निव्वळ शोभेला उरतो. तिथे डिजिटल केबलनेच जोडावं.

डॅक बदलण्याची वेळ कधी येईल तेही लिहून ठेवतो. एका बाजूचा आवाज जात-येत असेल, तापल्यावर खरखर होत असेल, काहीही वाजत नसताना स्पीकरला कान न लावताही सुसकारा ऐकू येत असेल, टीव्ही किंवा नवीन कॉम्प्युटरसाठी लागणारं इनपुटच नसेल, किंवा वर सांगितल्याप्रमाणे पातळी जुळवून, न पाहता ऐकून तुम्ही नवा आणि जुना खात्रीने वेगळे ओळखलेत आणि नवा आवडला, तर जरूर घ्या. सुसकारा आला तर आधी डॅकची केबल काढून पाहा. तरीही येत असेल तर तो अ‍ॅम्पचा आहे. आणि दोन डॅक तुलनेला आणलेत तर खुर्ची पुढे घेऊन आणि फिल्टर लावून झाल्यावर आणा, आधी नको, कारण फुगलेल्या बेसखाली बारीक फरक असलाच तरी तुम्हाला तो सापडणार नाही.